जंक्शनात अडकलेली चार पत्रं

शिरूर, १८ जानेवारी २००५

प्रिय आक्कास,
भिमाजीचा सप्रेम जयभीम. सहा महिने उत्तर नाही, त्याची आधी माफी मागतो, मग तब्येती विचारतो (दाजींचा गुडघा कसा आहे? तुझी साखर?). इकडे सगळे बरे आहेत. मी बरा आहे का, ते पत्र संपल्यावर तू ठरव.

कारखान्याच्या सगळ्या ई-मेल ज्या कॉम्प्युटरवरून येतात-जातात, तो माझ्याकडे आहे. रोज शे-दोनशे अनोळखी लोक आम्हाला लॉटरी लागल्याचं कळवतात. साहेब वैतागले, म्हणून मी नियम लिहू लागलो : अमुक दिसलं की पत्र 'जंक' नावाच्या फोल्डरात. इंग्रजी 'विन' अडवला, तर स्टोअरच्या अश्विनीबाईंचा रजेचा अर्ज गडप (नावातच 'विन', त्यांचा काय दोष?). मग लागोपाठ तीन प्रश्नचिन्हं अडवली. आणि तू पोटच्या लेकीकडून, गौतमीकडून, मराठी टायपिंग शिकून सायबर कॅफेतून जे लिहिलंस, ते आमच्या जुन्या कॉम्प्युटरला वाचता येईना. त्यानं प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं.

परवा तुझा फोन आला तेव्हा हे सांगितलं, तर तू जंक म्हणजे जंक्शन समजलीस, गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात ते आपलं दौंड. "दौंडातच हायेत व्हय? मग इंजिन फिरवायला कितीसा येळ लागतो, भिमा?" आणि मग हळूच, "आईचा फोटू द्यायचा न्हाई म्हणून गप बसलास, आसं वाटलं मला." आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला त्या एकुलत्या एक फोटोवरूनच आपलं बिनसलं होतं. आता गौतमीच्या लग्नात मांडवात ठेवायला तू तो चार पत्रांतून मागत होतीस.

आज जेवणाच्या सुट्टीत ती उघडून बसलो. जंक फोल्डर खरंच दुपारच्या दौंड स्टेशनासारखा वाटला. लॉटरीवाले, गोळ्यावाले पसरून झोपलेले, आणि कडुनिंबाखाली गाठोडी घेऊन तुझी चार पत्रं, गाडी कुठल्या तोंडानं निघणार ते न कळून बसलेली. ओळींमागून ओळी नुसती प्रश्नचिन्हं, सगळी मान वाकवून. एके ठिकाणी मोकळी जागा जरा जास्त होती. तिथं तू थांबली असशील. मीही तिथं बराच वेळ थांबलो.

तुझा धाकटा,
भिमाजी

ता.क. फोटो पोस्टानं पाठवत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मीच घेऊन येतो. येऊ ना? (एकच प्रश्नचिन्ह घातलंय, तेवढं नियमातून सुटतं.)

आणखी ता.क. आत्ता रोजनिशी चाळली. पुण्यानुमोदनाहून परतलो त्या दिवशीची नोंद आहे : 'नियम सात. आक्काचा ई-मेल पत्ता अडवला.' प्रश्नचिन्हांचा नियम तेव्हा लिहिलाही नव्हता. सगळं कॉम्प्युटरवर ढकलून पाकीट चिकटवणार होतो, जमलं नाही.

उद्या : नियम सात पुसणे.