नत्थूजींची पन्नास माणसं

पांढुर्णा,
ता. १२ फेब्रुवारी १९८६

ती. स्व. विनायकदादांस मोरेश्वरचा साष्टांग नमस्कार.

वहिनींचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्याचं कळलं. तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे हे त्यांना कोणी सांगितलं की नाही? आम्ही इकडे खुशाल. संत्री यंदा गोड आहेत (पाठवतो).

पत्रास कारण, आपल्या गल्लीतली नत्थूजींची टॉकीज. तिच्या मागच्या भिंतीला कान लावून तुम्ही अख्खा सिनेमा ऐकला होता आणि मला पाहिल्यासारखा सांगितला होता (मारामारीत कोण जिंकलं ते तुम्ही चुकीचं सांगितलं, हे मला नोकरी लागल्यावर तिकीट काढून कळलं). ती आता बंद पडायला आली आहे. पूर्वी सहाच्या खेळाआधी भोंग्यावर गाणी लागत. तिसऱ्या गाण्याला बायका भात उतरवून केस विंचरायला बसत. आता भोंगा वाजतो, पण केस कोणी विंचरत नाही. गल्लीतल्या एका घरी टीव्ही आला आहे आणि रविवारी नेमका त्याच वेळी त्याच्यावर सिनेमा असतो. गेल्या आठवड्यात नत्थूजी म्हणाले, "मास्तर, रविवारी पन्नास माणसं आणून दाखवा. नाही तं सोमवारपासून इथं कापसाच्या गाठी भरतो."

शाळेत हजेरी घेतो तशी मी घरोघर जाऊन पन्नास नावं लिहून घेतली (पहिलं माझं). रविवारी खेळाला आलो फक्त मी. बाकीचे एकोणपन्नास त्या टीव्हीसमोर. उठवायला गेलो, तर शेजारचा गुणवंता म्हणाला, "येऊनच राहिलो ना मास्तर, एवढं गाणं होऊ द्या." उभं राहून नीट दिसेना, म्हणून मीही बसलो. अर्ध्या तासाने मला शोधत नत्थूजी आले. गल्लीतल्याच केसरबाईंनी सरकून त्यांना सतरंजीवर जागा दिली. मध्ये बातम्या लागल्या तेव्हा ते मध्यंतराच्या सवयीने उठले आणि दाराचा पडदा बाजूला धरून उभे राहिले. कोणी बाहेर गेलं नाही. थोड्या वेळाने पडदा सारखा करून ते परत येऊन बसले. मला ते काही बरं वाटलं नाही, दादा.

त्यांनी आणखी हा एक रविवार दिला आहे. मी पुन्हा नावं लिहून घेतो आहे.

आपला,
मोरेश्वर

ता. क. तो टीव्ही आमच्याच घरी आहे. दिवाळीत घेतला. तुमचं स्वतःचं टीव्ही-रेडिओचं दुकान असताना दुसरीकडून घेतला, म्हणून कळवायचं राहिलं. तरी राग न धरता शनिवारच्या पॅसेंजरने यावं, यंत्र बिघडलं आहे असं चार लोकांदेखत सांगावं आणि दुरुस्तीला म्हणून नागपूरला घेऊन जावं.

पुन्हा ता. क. वरची युक्ती तुमच्या भावजयीची, सुनंदाची. ती म्हणते, "टॉकीजमधी तीन तास मला कोणी पाणी मागत नव्हतं. हा डबा आला तवापासून एक सिनेमा धड पाहिला नाही, नुसता चहा करून राहिली मी." तेव्हा शनिवारीच यावं. रविवारी आलात तर आधी सिनेमाला बसाल, आणि तुम्हाला चहा दोनदा लागतो हे तिच्या लक्षात आहे.