हिरवा पट्टा

मंगळवार, संध्याकाळ. कळंब.

जंगल राखून बनवलेल्या कागदाचा रोल दाखल्यासकट आमच्या खोक्यांच्या कारखान्याच्या गोदामात आला की मी त्यावर हिरवा पट्टा ओढते, आबा मेंढरांच्या पाठीवर ओढायचे तसा. आज त्या रोलांत एक बिनपट्ट्याचा निघाला. दाखलाही सापडेना. उद्या द्राक्षांच्या खोक्यांची गाडी भरायचीय आणि प्रत्येक खोक्यावर जंगल राखल्याचा शिक्का हवा.

सुपरवायझर म्हणाला, "ताई, ओढा की पट्टा. कागद काय बोलतोय व्हय?"

मी रोल बाजूला काढायला लावला. खोकी कमी पडतील, मालक तापतील. तापू देत! चुकलं का माझं? छे.

घरी आल्यावर आबांना म्हटलं, "आज कळपात बिनपट्ट्याचं एक घुसलं व्हतं."

"कुणाचं?"

"ठाव न्हाई."

"येगळं बांधलंस?"

"बांधलं."

"मंग जेव निवांत."