खोटा काटा

बाबा, परवा जुना टीव्ही भंगारात द्यायला काढला आणि त्याच्या खालच्या खणात तो खेळ सापडला. हात हलवला की पडद्यावर चेंडू पळायचा, तो. दोन्ही पांढरे रिमोट तिथेच होते, मनगटाच्या पट्ट्यांसकट. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. इतकी वर्षं तो खण उघडायची हिंमत झाली नाही, असं म्हणायला बरं वाटतं. खरं तर मी तो टाळतच होते.

तुम्ही कोयलीच्या रिफायनरीत जन्मभर मीटर दुरुस्त केलेत. जेवतानासुद्धा तुमच्या गोष्टी मीटरच्या काट्यांच्याच. आठवीत मी प्रगतिपुस्तकावर तुमची सही ठोकली, तेव्हा तुम्ही मारलं नाहीत. स्वयंपाकघरात मला उभं करून एवढंच म्हणालात, "बंद पडलेला काटा परवडला गं. खोटं दाखवणारा माणसं मारतो." आईची तव्यावरची पोळी करपली.

मग तुम्हाला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज पन्नास वेळा यांचा हात धरून वर उचलायचा. ते काम माझ्याकडे आलं. पाचव्या-सहाव्यालाच तुम्ही वैतागायचात, "रहेवा दे ने, राहू दे आता!" म्हणून मी हा बोलिंगचा खेळ आणला. पण तुमचा हात जेमतेम वीतभर उठायचा आणि चेंडू जागचा हलत नसे. तुमचा चेहरा बघवेना. तिसऱ्या दिवशी मी दुसरा रिमोट घेऊन तुमच्या मागे दिवाणावर बसले आणि खेळ माझ्या रिमोटवर लावला. तुम्ही हात हलवलात की मी मागे मनगट झटकायचे, आणि समोर दहाच्या दहा पिना आडव्या. या वस्तूला तार नाही, त्यामुळे कोणाचा हात चालला ते कळतच नाही.

काय खूश झालात तुम्ही! शेजारचे गुजराती काका येऊन म्हणायचे, "अरे वाह, हाथ तो सरस चाले छे ने!" तुम्ही छाती काढून बसायचात. हात चालतोय, मग व्यायाम कशाला? बाईंना तुम्हीच सांगितलंत, उद्यापासून येऊ नका. मी शेजारीच उभी होते, तोंडातून ब्र काढला नाही.

आणि ती संध्याकाळ. तुम्ही खिडकीकडे तोंड करून डाव्या हाताने रिमोटशी बराच वेळ खटपट करताय. "पट्टा आवळून देऊ?" मी विचारते. "नको. थांब जरा." मग तुम्ही वळता, हात हलवता, मी मागे झटका देते. सगळ्या पिना पडतात. तुम्ही पडद्याकडे बघतच नाही. मान वळवून माझ्याकडे बघता. मी रिमोट ओढणीखाली सरकवते. "बास," म्हणता, आणि तुमचा रिमोट खणात ठेवून देता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोन सेल माझ्या हातावर ठेवलेत. "टीव्हीच्या रिमोटला घाल." मी घातले. कुठून आणले, ते विचारलं नाही. त्यानंतर तुम्ही त्या खेळाला हात लावला नाहीत, आणि व्यायामाचंही नाव काढलं नाहीत. मला वाटलं, कंटाळलात. चार महिन्यांनी दुसरा झटका आला. तोवर घाससुद्धा आईच भरवत होती.

परवा मी दोन्ही रिमोट उघडले. माझ्या रिमोटमधले सेल फुटून हिरवट थर साचलाय. तुमच्या रिमोटचा कप्पा रिकामा, कोरा करकरीत. मीटरचा संशय आला की आधी सप्लाय तोडायचा, मग काटा बघायचा, असं तुम्ही सांगायचात. तुम्ही तेच केलंत. सेल काढलेला रिमोट हलवलात, आणि समोर सगळ्या पिना पडल्या. तुम्हाला कळलं होतं, बाबा. माझ्यावर एका शब्दानं रागावला नाहीत, आणि मला तेच सोसवत नाही.

दोन दिवस मी स्वतःला समजावतेय की तुमचं मन राखायला केलं. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून खरं लिहिते. रोज पन्नास वेळा तुमचा हात उचलायचा मला कंटाळा आला होता.