जॅनीनबाईंचं ‘टुडाय’

१३ जानेवारी २००४, रेडमंड

माझं इंग्रजी नापास झालं! तेही छत्तिसाव्या वर्षी, अमेरिकेत सात वर्षं नोकरी केल्यावर.

आज ग्रेगनं रिव्ह्यूला बसवलं. ग्रेग माझा मॅनेजर, माझ्याहून चांगला सहा वर्षांनी लहान. त्यानं डोकं एका बाजूला कलतं केलं की वाईट बातमी आली समजायचं. ‘पद्मजा, टेक्निकली यू आर ग्रेट. पण कॉलवर क्लायंटला तुझं बोलणं फॉलो होत नाही.’ क्लायंटला ईमेलही फॉलो होत नाही, पण तो बहुधा उच्चारांचा दोष नसावा. टीम लीड व्हायचं असेल तर आधी ॲक्सेंट ट्रेनिंग. खर्च कंपनीचा. काय ते औदार्य!

घरी सांगितलं तर शैलेंद्र म्हणाला, ‘कर ना यार, फुकट आहे.’ माझा हा नवरा ‘डेव्हलप’ला अजून ‘डेव्हलॉप’ म्हणतो. पण तो कॉलवर तोंडच उघडत नाही, त्यामुळे पास.

२० जानेवारी

पहिला क्लास. मी, एक चिनी इंजिनियर आणि दोन तेलुगू मुलं. बाई उंच, सोनेरी केसांच्या, पन्नाशीला टेकलेल्या. नाव जॅनीन. तासभर ‘वॉटर’चं ‘वॉडर’ आणि ‘बटर’चं ‘बडर’. मग दातांत बाटलीचं बूच धरून वाचायचं – जबडा मोकळा होतो म्हणे. माझी लाळ स्वेटरवर.

शेवटी कुणीतरी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या?

‘ऑस्ट्रेलिया. बॅलरॅट.’

म्हणजे नागपूरच्या बाईला अमेरिकन बोलायला शिकवायचं, म्हणून कंपनीनं बाई आणली ती ऑस्ट्रेलियाची! उद्या आम्हाला पुरणपोळ्या शिकवायला स्वीडनहून कुणीतरी येईल. बाई म्हणाल्या, ‘मलाही हे शिकावंच लागलं. म्हणून तर शिकवता येतं.’ मुद्दा बरोबर होता. त्याचाच जास्त राग आला.

३ फेब्रुवारी

बाई नुसत्या बाई नाहीत. नटी आहेत!

पाऊस होता म्हणून क्लासनंतर मी बाईंना गाडीतून घरी सोडलं, तेव्हा कळलं. तिकडच्या टीव्हीवर नऊ वर्षं, रोज संध्याकाळी अर्धा तास, एका खेड्यातल्या हॉस्पिटलच्या मालिकेत ‘सिस्टर मेग’. त्या नऊ वर्षांत तीन लग्नं, एकदा आंधळेपण (बरं झालं), एकदा स्मृती गेली (परत आली), आणि शेवटी पुरात वाहून गेल्या. ‘पूर मीच मागून घेतला,’ म्हणाल्या. ‘हॉलिवूडला जायचं होतं.’

हॉलिवूडनं काय दिलं? एका पोलीस मालिकेत प्रेत. एका जाहिरातीत साबणाचा आवाज. साबणाला आवाज असतो हे मला आजच समजलं. पुढे सिएटलचा नवरा मिळाला, त्याच्यामागे इकडे आल्या. नवरा गेला, पाऊस राहिला.

शैलेंद्र हसला. ‘इथे आलेला प्रत्येक जण तिकडे मोठाच असतो यार.’ स्वतः बोर्डात आला होता हे तो आठवड्यातून एकदा तरी ऐकवतो.

१० फेब्रुवारी

आज पुन्हा सिस्टर मेग. घरी मालिकेच्या खोकंभर टेप्स आहेत, पण अमेरिकेत आल्यापासून एकही पाहिलेली नाही – ऑस्ट्रेलियाची टेप इथल्या व्हीसीआरवर चालत नाही.

हे आपल्या लोकांना कुणी सांगायला नको. आमच्या लग्नाची कॅसेट इथे दिसणार नाही, म्हणून नागपूरहून येताना मल्टिसिस्टिम व्हीसीआर मांडीवर घेऊन आलो होतो. कॅसेट एकदाच पाहिली. व्हीसीआर ठणठणीत आहे, त्यावर ऑस्ट्रेलियासुद्धा चालेल.

म्हटलं, शनिवारी या टेप घेऊन. मनात एकच – बघू तरी किती मोठी नटी आहे ती!

१४ फेब्रुवारी

बघितली.

एक सीन आहे. पेशंटची आई बाहेर बाकावर बसलीय. मुलगा गेलाय आणि ते तिला सांगायचंय. सिस्टर मेग येते, शेजारी बसते, हातातल्या चादरीची नीट घडी करते आणि फक्त विचारते, चहा घेणार? बस. ती आई रडायला लागते. आमची शिवांगी सात वर्षांची आहे, तिनं हातातली बाहुली खाली ठेवली. शैलेंद्र डोळे पुसत म्हणाला, कांदा चिरत होतो. कांदे टोपलीत होते.

मला कुणी तोंडावर मारल्यासारखं झालं. महिनाभर या बाईची टर उडवतेय मी.

जॅनीन (घरी येऊन पोहे खाल्लेल्या माणसाला किती अहोजाहो करणार!) रडली वगैरे नाही. पडद्यावरच्या स्वतःच्या तोंडाकडे टक लावून बसली होती. ‘मी अशी बोलायचे?’ म्हणाली. दोनदा.

२४ फेब्रुवारी

जॅनीनला ऑडिशन आली! लॉस एंजेलिसला नवी मालिका होतेय, त्यात एक ऑस्ट्रेलियन डॉक्टरीण आहे. प्रेत नाही, साबण नाही, चांगला बोलता-चालता रोल. सिएटलमध्ये नट निवडणाऱ्या एका बाईंनी तिचं वाचन ऐकलं, म्हणाल्या, ‘लव्हली. थोडं जास्त ऑस्ट्रेलियन करता येईल?’

ऑस्ट्रेलियन बाईला! मी पोट धरून हसले. ती हसत नव्हती, म्हणून थांबले.

‘येत नाही मला,’ म्हणाली. अमेरिकन घोटून घोटून मूळचं पुसलं गेलंय. दोन आठवड्यांत टेप करून लॉस एंजेलिसला पाठवायची, हा शेवटचा चान्स. नाही जमलं तर बॅलरॅटला बहिणीकडे कायमचं. ‘तिकडे काम मिळेल की,’ मी म्हटलं. ‘तिकडे मी मेलेय,’ म्हणाली. ‘सगळ्या देशानं पाहिलंय.’

२८ फेब्रुवारी

उलटी शाळा सुरू. विद्यार्थिनी जॅनीन, मास्तरीण मी, पाठ्यपुस्तक सिस्टर मेग.

युक्ती माझी. इंग्रजी स्पेलिंग बघून काही कळत नाही, ऑस्ट्रेलियाचं आणि अमेरिकेचं तेच. पण आपली लिपी जसं ऐकू येतं तसं लिहिते! टेप लावायची, थांबवायची, मी देवनागरीत उतरवायचं. ‘टुडे’ नाही, ‘टुडाय’. ‘मेट’ नाही, ‘माइट’. ‘डोन्ट वेट फॉर मी टुडे’चं ‘डोन्ट वाइट फॉ मी टुडाय.’ मग मी तिला ते वाचून दाखवायचं आणि तिनं माझ्यामागून म्हणायचं. सगळं ठीक येतं, शेवटी ‘फॉर्र’ करून अमेरिकन र निघतोच. मी वहीतला र खोडते. तिच्या जिभेवरचा कसा खोडू?

तिच्या दातांत बूच मी दिलं. लाळ तिच्या स्कार्फवर. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

४ मार्च

शिवांगी जेवताना: ‘आई, व्हाय आर यू टॉकिंग वीअर्ड?’

५ मार्च

कॉलवर ग्रेग: ‘पद्मजा, यू साउंड... ब्रिटिश?’ कंपनीचे पैसे सत्कारणी लागताहेत.

७ मार्च

आमच्या हॉलमध्ये शूटिंग झालं. शिवांगीच्या वाढदिवसाचा कॅमकॉर्डर, मागे पांढरी चादर. सीन दोन बहिणींचा – डॉक्टरीण आणि तिची घरी राहिलेली बहीण. जॅनीन कॅमेऱ्यासमोर, बहिणीचे संवाद मी मागून वाचायचे. नुसते समोरच्याला सूर मिळावा म्हणून, मला कुणी बघणार नव्हतं. देवनागरी कागद हातात होताच, वाचत गेले.

ती काय सुंदर बोलली! डोळ्यांनी तर फारच. मला वाटतं र दोनदाच आला.

टेप एकदा घरी बघून मग पोस्ट करते म्हणाली. पाकिटावर फोन नंबर मात्र माझा. ‘माझा नंबर दिला की फोन येत नाही, दहा वर्षांचा अनुभव आहे.’ नट्याही आपल्यासारख्याच, मांजर आडवं गेलं की थांबणाऱ्या.

१६ मार्च

फोन नाही. जॅनीन क्लासमध्ये ‘वॉडर’ शिकवते आणि मधूनच माझ्याकडे बघते. मी मान हलवते. चिनी इंजिनियरला वाटतं माझं काहीतरी चुकलं.

स्वतःच्या टीम लीडसाठी इतकी वाट पाहिली नव्हती मी. तिला मिळू दे. एवढं एक मिळू दे.

२३ मार्च

लॉस एंजेलिसहून फोन आला. ऑफिसमध्ये होते, पार्किंग लॉटमध्ये जाऊन घेतला.

मुलगी गोड होती. जॅनीन लव्हली आहे, चेहरा वंडरफुल आहे, पण तो ॲक्सेंट ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो, सॉरी. बरं म्हटलं. फोन ठेवणार तेवढ्यात – ‘एक विचारायचं होतं. कॅमेऱ्यामागे जी वाचत होती ना, ती कोण? सगळ्यांना वाटलं, ही खरी ऑस्ट्रेलियन. ती कुठली?’

‘नागपूरची,’ मी म्हटलं.

‘इज दॅट निअर सिडनी?’

माझ्यासारख्या बाईला यावर आठवडाभर हसता यायला हवं होतं. गाडीला टेकून उभी राहिले, पावसात. हसू आलंच नाही. मी त्या बाईचा आवाज तिला परत द्यायला निघाले होते आणि स्वतःच घेऊन बसले. हे तिला कसं सांगू? नाही सांगणार. रोलच रद्द झाला म्हणेन. टीव्हीत रोज रद्द होतात.

२४ मार्च

जॅनीन आली. मी ठरवल्याप्रमाणे सांगितलं, रोल कॅन्सल झाला, कुणालाच घेत नाहीयेत.

ती चहा ढवळत राहिली. मग म्हणाली, ‘तुझ्याबद्दल विचारलं ना त्यांनी?’

मी साखरेचा डबा तिच्यापुढे सरकवला.

‘पोस्ट करायच्या आधी टेप पाहिली ना मी. मला ऐकू येतं, पद्मजा. बोलता येत नाही एवढंच.’

मग पाठवली कशाला, मी विचारलं. म्हणाली, आई गेल्यापासून तिच्याशी घरचं असं कुणी बोललेलं नव्हतं, माझा आवाज पुसून टाकवेना तिला. तिकीट काढलंय, पुढच्या महिन्याचं. मग कप बाजूला ठेवून म्हणाली, ‘ते बहिणीचं एकदा वाच ना.’

मी वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, परत.