सकाळी आठची सभा

३ मार्च, सोमवार, सकाळ
रोजनिशीला सुरुवात. कोणाला दाखवायची नाही. नेत्याने निदान स्वतःशी तरी खरं बोलावं, म्हणून.

गावाचा अध्यक्ष होऊन सात महिने झाले. ग्रामीण विकास हा माझा पिंडच आहे. आतापर्यंतची कामं: अळिंबी केंद्र (अळिंबी आली नाही, शेड मात्र मजबूत). टेकडीवर पर्यटकांसाठी बाक (पर्यटक यायचेत, बाक तयार). या दोन्हींवरून माजी अध्यक्ष चहाच्या हॉटेलात बसून दात काढतो. पोटदुखी, दुसरं काय.

३ मार्च, दुपार
बस कंपनीचं पत्र. आपल्याला एकच बस. सकाळी आठला शहरात जाते, संध्याकाळी सहाला परत. प्रवासी कमी वाटतात म्हणे. २४ ते २८ मार्च, पाच दिवस त्यांचा माणूस बसमध्ये बसून डोकी मोजणार. सरासरी पंधराच्या खाली गेली तर पंधरा एप्रिलपासून बस बंद.

क्लार्कच्या तोंडचं पाणी पळालं. मी शांत. संकटातच लीडरशिप उठून दिसते.

४ मार्च
बायकोला सांगितलं. तिचा चेहरा पडला. ती आणि आणखी सात जणी मिळून शाळांचे गणवेश शिवतात. रोज त्यातल्या तिघी-चौघी गठ्ठे घेऊन याच बसने शहरातल्या दुकानात जातात. म्हणाली, बस गेली तर आमचं शिवणकाम इथे राहत नाही, काहीतरी करा. मी म्हटलं, निश्चिंत राहा, तुझा नवरा अध्यक्ष आहे. ती उठून गठ्ठे बांधायला लागली. विश्वास असला की माणूस कामाला लागतो.

७ मार्च
आठच्या आधी थांब्यावर जाऊन पाहणी. बावीस माणसं उभी. क्लार्क म्हणाला, साहेब, मग काळजीच नाही, आपण नुसतं गप्प बसलो तरी बस वाचते. याला म्हणतात कारकुनी डोकं. गप्प बसून आजवर कुठलं गाव पुढे गेलंय?

मला मात्र तिथे वेगळंच दिसलं. गावातली कामाची माणसं दिवसभरात एका जागी सापडतात ती फक्त सकाळी आठला. एरवी मीटिंग बोलवा, कोरमला माझा मेव्हणा आणि दोन झोपलेले म्हातारे. डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

१२ मार्च
ठरलं. 'बस वाचवा सप्ताह.' २४ ते २८ मार्च, रोज सकाळी आठ वाजता, कार्यालयाच्या हॉलमध्ये. वक्ता: अध्यक्ष. क्लार्कने विचारलं, आठलाच का, नऊला घेऊया की. उशिरापर्यंत लोळायची सवय, अजून काय.

१५ मार्च
बायको म्हणाली, अहो, आठला बस असते. मी म्हटलं, म्हणून तर. तिने तेच पुन्हा सांगितलं, सावकाश. आयडिया पचायला वेळ लागतो.

१९ मार्च
नुसत्या आमंत्रणावर कोण येतंय? नियम काढला. सप्ताहापासून दाखले, परवाने, सगळ्या सह्या सभा संपल्यावर हॉलमध्येच. हजेरी नाही तर सही नाही. मार्चअखेर असल्यामुळे प्रत्येकाचा काही ना काही कागद माझ्याकडे अडकलाय. शिवणकेंद्राचा परवानाही नूतनीकरणाला आलाय. बायकोने विचारलं, आमची सही घरीच करता का. घरची म्हणून सूट दिली नाही. तत्त्व.

२४ मार्च, सोमवार
हजेरी ५८. अभूतपूर्व. विषय: बस, गावाची जीवनवाहिनी. पन्नास मिनिटं बोललो. मध्येच बाहेर हॉर्न वाजायला लागला, वाजतच राहिला. लय तुटली. खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या.

२५ मार्च
हजेरी ६३. माजी अध्यक्षसुद्धा आला, विहिरीच्या परवानगीसाठी. पहिल्या रांगेत बसला आणि शेवटपर्यंत हसत होता. अखेर गड्याने मला मानलं.

२६ मार्च
हजेरी ६७. बायकोने भर सभेत उभं राहून विचारलं, आजचं दहा मिनिटांत आटपेल का. घरचंच माणूस असं बोललं तर लोकांनी काय घ्यायचं? शिस्तीचं महत्त्व यावर दहा मिनिटं जादा बोललो.

संध्याकाळ: गणवेशांचे गठ्ठे तीन दिवस दारातच पडून आहेत. भाजीत मीठ नव्हतं. मागण्यासारखी परिस्थिती नव्हती.

२७ मार्च
हजेरी ७१. संध्याकाळी थांब्यावर मोजणीवाला उतरला. सज्जन माणूस. म्हणाला, इतकं निवांत काम आयुष्यात केलं नाही, ड्रायव्हरला गप्पा मारायला कोणीतरी हवंच होतं. म्हणजे आपल्या गावाचं इम्प्रेशन चांगलं पडलंय.

२८ मार्च
हजेरी ७४. उच्चांक. ठराव एकमताने मंजूर: या गावाला बसची नितांत गरज आहे. खाली ७४ सह्या. ठराव आजच्या आज शहरात पोचवायचा होता, पण बस निघून गेली होती.

७ एप्रिल
कंपनीचं पत्र. पाच दिवसांची सरासरी: एक पूर्णांक दोन. क्लार्ककडून दोनदा वाचून घेतलं. म्हटलं, मोजणीत गफलत आहे. त्याने सभेचा हजेरीपट माझ्यापुढे ठेवला आणि हळूच म्हणाला, साहेब, सगळे आपल्याकडेच होते.

त्याला बाहेर बसायला सांगितलं. हजेरीपट पहिल्या नावापासून वाचला. थांब्यावर पाहिलेले बावीसच्या बावीस होते, रोज. आज एवढंच.

८ एप्रिल
झोपून उठल्यावर विचार स्पष्ट झाले. घोळ वेळेचा झाला, आणि आठची वेळ मुळात बस कंपनीने ठेवलेली. तसं अपील धाडलं. सोबत हजेरीपट जोडला, लोकांची तळमळ दिसावी म्हणून.

१२ एप्रिल
अपील फेटाळलं. आपल्या ग्रामस्थांना प्रवासापेक्षा सभा प्रिय दिसतात, असं लिहिलंय. भाषा उद्धट आहे. तक्रार करणार.

१५ एप्रिल, मंगळवार
बस आली नाही. संकल्प: गावाची स्वतःची बस. प्रोजेक्ट रिपोर्टचं मुखपृष्ठ तयार. बायकोला दाखवायला गेलो तर ती शिलाई मशीन गोधडीत बांधत होती. म्हणाली, शहरात दुकानामागची खोली मिळालीय, आम्ही आठही जणी तिकडे जातोय. मी विचारलं, रोज जाणार-येणार कशा? म्हणाली, रोज कुठे.

मुखपृष्ठ दाखवायचं राहून गेलं.

२१ एप्रिल, सोमवार
आठची सभा. सह्यांचा नियम मागे घ्यायचा राहिलाय, त्यामुळे घ्यावी लागली. हजेरी दोन: क्लार्क आणि बायको. अजेंडा पूर्ण घेतला. ती पदर सावरून शेवटपर्यंत बसली, मग अर्ज घेऊन टेबलाशी आली. शिवणकेंद्र गावाबाहेर हलवायचं तर अध्यक्षांचं ना-हरकत पत्र लागतं. नमुना मीच तयार केलेला. तिने बिनचूक भरला होता. स्थलांतराचं कारण: बस नाही. बाहेर मशीन भरलेला टेम्पो उभा होता, सातही जणी वर बसलेल्या.

मी म्हटलं, जाऊ नकोस. क्लार्कच्या देखत म्हटलं. ती म्हणाली, डब्यात चार दिवस पुरेल इतकं पीठ आहे, दूधवाल्याला सांगून ठेवलंय, आणि टेम्पोवाला जास्त थांबायचा नाही.

सही केली. मला हरकत होती. नमुन्यात तसा रकाना नाही. शिक्का फिका उठला म्हणून तिने पुन्हा मारायला लावला.