काठावरचं गाऱ्हाणं

गणेशगुडी,
२ डिसेंबर २०२४

ति. रुक्माआत्यास,
मयूरीचा शि. सा. न. वि. वि.

अणशीत तुमच्या घरापर्यंत रेंज येत नाही, म्हणून हे पत्र बसवाल्या वासूअण्णांकडे देते. आई बरी आहे. लॉजच्या स्वयंपाकघरात माझं हात भाजणं चालूच आहे.

आत्या, जीव घाबरा झालाय. नदीवर पाहुण्यांची राफ्ट चालवणारा नागेश तुला आठवत असेल, शिमग्याला आला होता तो. मागच्या महिन्यात पाण्यात पडलेल्या पाहुण्याला ओढून काढताना त्याचा खांदा निखळला. पाहुणा वाचला, आणि नागेशला लॉजनं आता येऊ नको म्हणून सांगितलं. त्याच्या जागी दुसरा घेतलासुद्धा. आज नागेश, उद्या कोण?

म्हणून राफ्टवाल्या पोरांनी आणि आम्ही स्वयंपाकघरातल्यांनी मिळून युनियन काढलीय. नागेशसाठी किरणसाहेबांपुढे गाऱ्हाणं घालायचं ठरलंय, आणि बोलायचं माझ्यावर आलंय. पाण्यात राहून माशाशी वैर, असं आई म्हणते. काम गेलं तर घर माझ्यावरच आहे. तू काय म्हणतेस ते लवकर कळव.

माया आहेच, ती आटू देऊ नको.

तुझी,
मयूरी


अणशी,
७ डिसेंबर

चि. मयूरीस,
आत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. नागेशच्या खांद्यासाठी गाऱ्हाणं घालताय हे वाचून बरं वाटलं. पण बाई, देवापुढं गाऱ्हाणं गावच्या मानकऱ्यानं, गावकारानं घालायचं, पोरीनं न्हाई. आणि हा किरण कुठला देव म्हणायचा? तुमच्या तिकडं असलं काही ऐकलं न्हाई मी. तरी घरचा नारळ शेंडी ठेवून सोलला, पिशवीत घातला, आणि मग तुझ्या मामांना पत्र वाचून दाखवलं.

तर हे पोट धरून हसायला लागले. म्हणाले, अगं खुळे, ही तक्रार हाय, लॉजच्या मॅनेजर साहेबापुढं मांडायची. मग त्यांनाच जुनं आठवलं. सुपा धरणावर कामाला होते तेव्हा त्यांचीही युनियन होती. दगडाखाली पाय गेलेल्या गड्यासाठी सगळे एक झाले होते. मुकादमानं काय केलं, एकेकाला तंबूत बोलावलं आणि तुझी काय तक्रार हाय का म्हणून विचारलं. आत गेलेला जो तो मान हलवून बाहेर आला. गड्याला घरी पाठवलं, युनियन तिथंच बसली.

मी म्हटलं, मग माझं काय चुकलं? देवापुढं काय न् साहेबापुढं काय, घालणारा एक असला तरी व्हय म्हाराजा म्हणणारे मागं पायजेत. न्हाईतर ऐकणाऱ्याला वाटतं, हे ह्या एकटीचंच दुखणं. एकेकट्यानं आत जाऊ नका. गाव करील ते राव काय करील.

नारळ बांधलाच हाय तर पाठवते. आणि नागेशचं नाव पत्रात बरंच आलंय, ते आम्हाला दिसलं बरं का.

जीव लावून असावं, आम्ही हाओत.

तुझी आत्या,
रुक्मा


गणेशगुडी,
२२ डिसेंबर

ति. आत्यास आणि मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामा, अगदी तुम्ही सांगितलं तसंच झालं. किरणसाहेबांनी निरोप धाडला, एकेकानं ऑफिसात या. कुणी गेलं नाही. शेवटी तेच बाहेर अंगणात आले. नाताळाची गर्दी तोंडावर, राफ्ट काठावर पडलेल्या, आणि आम्ही सगळे तिथं उभे. मला काही सुचेना, म्हणून आत्या, तुझा नारळ त्यांच्यापुढच्या टेबलावर ठेवला आणि तोंडातून गावकारासारखंच निघालं. आधी सगळ्यांचं मागणं घातलं, बा म्हाराजा, आठवड्यातनं एक दिवस आम्हाला सुट्टी मिळू दे. मागं थोडी चुळबूळ झाली. मग स्वयंपाकघरातली सोनाली व्हय म्हाराजा म्हणाली, आणि तिच्यामागून सगळे.

मग नागेशचं घातलं. दुसऱ्याचा जीव वाचवताना ज्याचा खांदा गेला, त्याचं काम जाऊ देऊ नको रे म्हाराजा.

आत्या, किरणसाहेब आपल्याकडच्याच रामनगरचे, लहानपणापासून गाऱ्हाणी ऐकलेले. मान खाली, हात जोडलेले, आणि सगळ्यांबरोबर तेही व्हय म्हाराजा म्हणून गेले. मग एकदम त्यांनी जीभ चावली. नारळाकडं बघत त्यांनी हुबळीला मालकांना फोन लावला. पलीकडची आरडाओरड आम्हालाही ऐकू येत होती. किरणसाहेब एवढंच म्हणाले, साहेब, मी होय म्हणून बसलोय, आता देवाला काय सांगू?

सोमवारपासून नागेश कामावर आहे. खांदा बरा होईपर्यंत काठावर दोर घेऊन उभं राहायचं. सुट्टीचं मालकांनी उडवून लावलं, ते पुन्हा घालू. मी मात्र घरी येऊन खूप रडले, आणि आईपण.

अशीच पाठीशी राहा.

तुमची,
मयूरी


अणशी,
२८ डिसेंबर

चि. मयूरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मामांनी दोनदा वाचायला लावलं आणि मग उठून परसात गेले. बराच वेळ आले न्हाईत. आल्यावर म्हणाले, त्या गड्याचं आज फिटलं.

आता माझं ऐक. खांदा बरा झाला की नागेशला इकडं घेऊन ये. तुमचं दोघांचं गाऱ्हाणं गावकार घालतील, व्हय म्हाराजा म्हणायला आम्ही हाओत, तुझ्या आईलाही विचारलंय. फक्त तू तेवढी दम धर, किरणसारखी मधीच व्हय म्हणून मोकळी होऊ नको.

वाट बघतो.

आत्या