बाटलीतलं मीठ

३ फेब्रुवारी, मंगळवार

आणि तरीही चूक माझीच! बीपीचं मशीन बरोबर, दवाखान्यातली सिस्टर बरोबर, मी तेवढा चुकीचा. मागच्या खेपेलाही हेच. मी म्हटलं, जिना चढून आलोय, जरा थांबून परत बघा. थांबली, बघितलं. तेच. म्हटलं, तुमच्या पांढऱ्या कोटाला घाबरून वाढतं. तर म्हणते, "मग कोट काढून ठेवू?" रांगेतले सगळे खो खो हसले.

या वयात बीपी! हा काय म्हाताऱ्यांचा आजार. मला कुठे काय होतंय? ओल्या चादरींची गाडी एकटा ढकलत नेतो मी.

पण आमच्या लाँड्रीचा नियम — इस्त्रीच्या खोलीत काम करायचं तर 'फिट' शिक्का हवा. एप्रिलपर्यंत मुदत दिलीय. नाही उतरलं तर करार संपला, घरी जा. घरी जाऊन काय करू? घर माझ्याच पगारावर चालतंय.

५ फेब्रुवारी

गोळ्या आणल्या. एकही घेतली नाही. एकदा सुरू केली की जन्माची मागे लागते म्हणतात.

८ फेब्रुवारी, रविवार

घरी फोन. आईने बाबांच्या कानाला लावला. नुसतं "हं... हं..." उजवी बाजू गेल्यापासून एवढंच. त्याआधी बाबाही बीपीची गोळी घ्यायचे. मग बरं वाटायला लागलं, सोडली. "बरा आहे तर औषध कशाला?" — हे बाबांचं वाक्य. आणि परवा मी इथे काय लिहिलं? मला कुठे काय होतंय!

फोन ठेवला आणि गोळी गिळली. एवढीशी तर आहे.

१६ फेब्रुवारी

सिस्टरने सांगितलेलं सगळं करतोय. सिगारेट बंद. पाकिटातलं खारट खाणं बंद. चिडचिड मात्र अशी की मामावर ओरडलो. मामा म्हणजे आमच्या खोलीतला सगळ्यात जुना इस्त्रीवाला — कुणाचाच मामा नाही, म्हणून सगळ्यांचा. म्हणाला, "भाच्या, सिगारेट सोडलीस ते ठीक. माणुसकी कशाला सोडतोस?"

सुट्टी झाली की बसने येत नाही, चालत येतो. गोदामांच्या मागच्या रस्त्याने. एक लंगडं कुत्रं वाटेत सोबतीला येतं. हे मात्र आवडलं. डोकं मोकळं होतं.

२ मार्च, सोमवार

आज परत मोजलं, आकड्यात काडीचा फरक नाही! गोळी, चालणं, सिगारेट — सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सिस्टरसमोरच म्हणालो, मग खाऊन-पिऊनच मरतो की! ती चिडली नाही. "उद्या दिवसभरात जे खातोस-पितोस, ते सगळं इथे घेऊन ये. सगळं."

३ मार्च

डबा उघडून दाखवला. भात, भाजी, उकडलेलं अंडं. खूश झाली. मग माझी पाण्याची बाटली उचलून उजेडात धरली.

"तळाशी पांढरं काय आहे?"

"मीठ."

"मीठ?! अशा किती पितोस?"

"चार. उकाडा असला तर पाच."

कपाळावर हात मारून घेतला तिने. "मी तुला मीठ कमी कर म्हणाले होते ना रे?"

"खाण्यातलं म्हणालात! हे तर पाणी आहे."

खरंच मला तसंच वाटायचं. इस्त्रीच्या खोलीत नवा माणूस आला की मामा त्याच्या हातात मिठाची पुडी ठेवतो. वाफेत घाम गळतो, चक्कर येऊन गरम रोलरवर पडायला नको — म्हणून. रीतच आहे इथली. हातमोजे तसं मीठ. कामाचं सामान! ते पोटात जातं हे डोक्यातच आलं नाही.

सिस्टर म्हणाली, "जेवणातलं तुला पुरतं. नुसतं पाणी पी, थोडं थोडं, सारखं. गरगरलं तर लगेच बाहेर ये आणि मला सांग."

४ मार्च

मामा रुसला. "माझ्या पुडीवर इतकी पोरं उभी राहिली, आणि आता मीठ वैरी झालं काय?"

म्हटलं, "मामा, तुमच्या मिठाला जागेन. पण बाटलीबाहेर."

हसू दाबत तोंड फिरवलं त्याने.

५ मार्च

नुसतं पाणी. बेचव! पण गरगरलं नाही.

२२ मार्च

आकडा उतरतोय! सिस्टरने दोनदा मोजलं, माझ्या आग्रहाने. या वेळी मशीन खराब वाटलं नाही.

मामा कानाशी येऊन — "माझंही बघेल का रे तुझी सिस्टर?" घेऊन गेलो. दंडाला पट्टा बांधताना डोळे गच्च मिटून बसला. आणि काय, ठणठणीत! इतकी वर्षं खारं पाणी पिऊन! म्हटलं, हा कुठला न्याय? सिस्टर म्हणाली, "तुझं बाबांकडून आलंय. तुला जन्मभर सांभाळायचंय."

जन्मभर. हा शब्द ऐकला की आधी गोळीच नको वाटायची. आज वाटलं, जन्मभर म्हणजे लांबलचक की! चांगलंच आहे.

७ एप्रिल, मंगळवार

शिक्का बसला! फिट! करार दोन वर्षं वाढला. सिस्टरने दारापर्यंत येऊन बजावलं, "गोळी सोडायची नाही. बरं वाटलं तरी."

"बरं वाटलं तरी," मी म्हटलं.

आईला फोन. आधी रडली, मग मी नीट जेवतो का म्हणून ओरडली. बोलता बोलता विचारलं, आई, तुझं कधी मोजलंय?

"मला काय धाड भरलीय!"

आमच्या घरात सगळ्यांचं उत्तर एकच. ताईला सांगितलं, उद्या हिला धरून ने.

९ एप्रिल

आईचं माझ्यापेक्षा जास्त निघालं. बाबांना भरवणारी, उचलणारी, पुसणारी ती — आणि तिचं कुणी बघितलंच नाही. मीही नाही. आता गोळ्या सुरू करायच्या, डॉक्टर म्हणाले. आई म्हणते, खर्च नको, आधी ह्यांचं औषध.

पैसे तिच्या हाती दिले तर बाबांवरच जातील. म्हणून या वेळी ताईच्या नावावर, फक्त आईच्या गोळ्यांसाठी पाठवले — साडेचार हजार.